राखेचा डबा आणि तुमसरचा मासळीबाजार

मी नक्की काय काम करतो, हे मला आईला अजून नीट सांगता आलेलं नाही. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या आवारात, कँटीनच्या वरच्या मजल्यावर आमचं एक छोटं केंद्र आहे. शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत शोधलेली गोष्ट बाजारात विकता येईल अशी वस्तू व्हावी, यासाठी त्यांना हात द्यायचा, असं ते काम. त्याआधी बरीच वर्षं मी शाम्पू विकायचो. आईनं दोन्ही एकत्र करून टाकलंय. "तो शास्त्रज्ञांना शाम्पू विकतो," असं ती शेजाऱ्यांना सांगते. आमच्या केंद्रातून आजवर किती वस्तू बाजारात गेल्या हे पाहिलं, तर आईचंच बरोबर वाटू लागतं.

भंडाऱ्याला जायचं ठरलं ते माझ्याच तोंडामुळे. दर प्रशिक्षणात मी एक वाक्य टाकतो: "ग्राहकाच्या दारात जाऊन उभं राहिल्याशिवाय काही कळत नाही." त्या दिवशी समोर डॉ. संघमित्रा बसली होती. भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीची मुलगी. धानाच्या तुसाची राख, म्हणजे भातगिरण्यांच्या भट्टीतून निघणारा काळा कचरा, तिनं एका साध्या चिकट द्रवात घट्ट बसवून त्याचे पाटासारखे हलके फळे बनवले होते. उष्णता आरपार जाऊ न देणारे. त्या फळ्यांचा तिनं डबा केला होता. त्यात बर्फ ठेवला की थर्माकोलच्या डब्यापेक्षा जास्त टिकायचा. मासळी विकणाऱ्यांसाठी उत्तम, असं मी स्वतःच स्लाइडवर लिहिलं होतं. मासळी विकणारं माणूस मात्र आमच्यापैकी कुणीच गाठलं नव्हतं.

"मग चला ना सर," संघमित्रा म्हणाली. "दार माझ्याच जिल्ह्यात आहे."

"कधी?"

"मे महिन्यात. तलाव आटतात, तेव्हाच मासोळी जास्त निघते."

मे महिन्यात भंडारा. मी हसून पाहिलं. ती हसत नव्हती. तिची शिष्यवृत्ती जूनमध्ये संपणार होती. शेजारच्या राज्यातल्या एका सिमेंट कारखान्यानं तिला पक्की नोकरी देऊ केली होती. डबा कुणीतरी घेतो म्हणालं तर ती थांबणार, नाही तर जाणार. मी वर्गात असताना मला फार शूर वाटतं, तसं त्या दिवशीही वाटलं. "पहिला ग्राहक मी मिळवून देतो," असं मी बोलून बसलो.

तिनं बाकीचे डबे आधीच घरी पाठवले होते. एक माझ्याकडे होता, तो घेऊन मी पुण्याहून नागपूरच्या गाडीत चढलो. समोरच्या बर्थवर एक सज्जन काका होते. डबा सीटखाली जाईना, म्हणून मी तो मांडीवरच घेतला.

"काय आहे यात?" काकांनी विचारलं.

"रिकामा आहे. राखेचा डबा आहे."

काकांचा चेहरा एकदम उतरला. "अरेरे. कोण गेलं?"

मी समजावून सांगायला हवं होतं. पण तेवढ्यात त्यांनी स्वतःची खालची बर्थ मला देऊ केली आणि चहा मागवला. मी चहा घेतला. नागपूरला उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी मान खाली घातली. डोळ्यांत पाणी आलं ते स्टेशनवरच्या उन्हामुळे, पण त्यांना ते कसं सांगणार?

ज्यांना या बाजूला यायचंय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. नागपूरहून भंडारा, लाखनी, साकोलीकडे जाणाऱ्या लाल बस सतत सुटतात. तिकीट किरकोळ आहे. मे महिन्यात खिडकीची जागा अडवू नका. खिडकीतून जे येतं त्याला वारा म्हणणं चूक आहे. डोक्याला ओला पंचा बांधा. मी पुण्याची ऐट म्हणून टोपी घातली होती. तिची वरची गुंडी उन्हात इतकी तापली की माझ्या टाळूवर तिचा ठसा उमटला. भंडारा सोडलं की वैनगंगेचा मोठा पूल लागतो. उन्हाळ्यातही पात्रात पाणी होतं, आणि ते बघून गाडीतल्या सगळ्यांचेच चेहरे जरा निवले. मग रस्ता सरळ पूर्वेला. दोन्ही बाजूंना धानाची कापलेली शेतं, आणि रस्त्यावर ट्रकमागून ट्रक.

लाखनीत महामार्ग आता पुलावरून जातो. पुलाखाली चहा, टायर, ताडपत्री आणि रसवंती यांची दुकानं दाटीनं उभी आहेत. संघमित्राचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर. तिचे वडील टपाल खात्यातून निवृत्त झालेले. दारातच "जय भीम, सर" म्हणाले, माझ्या हातातला डबा घेतला आणि बोटानं वाजवून पाहिला.

"हाच का तो? चांगला हाय. पन पोरीले तिकडे पक्की नोकरी भेटली, मालूम हाय ना तुमाले?"

"हो, माहीत आहे."

"नाई, म्हनलं, मालूम असन तर बरं."

हे त्यांनी इतक्या आदरानं विचारलं की मी पाण्याचा पेला रिकामा झाल्यावरही तोंडाला लावून बसलो.

जेवायला चिन्नोर तांदळाचा भात. शिजताना त्याचा वास रस्त्यापर्यंत आला होता. सोबत लाखोरीच्या डाळीचं वरण, कैरीची चटणी आणि वांग्याची झणझणीत भाजी. घरच्यांसाठी त्यात सुके झिंगे होते. माझ्यासाठी संघमित्राच्या आईनं वेगळी केली होती. हो, मी मासे खात नाही. मासळीबाजारात वस्तू विकायला निघालेल्या माणसानं हे आधी सांगायला हवं होतं, असं संघमित्राचा चेहरा सांगत होता.

जेवताना तिनं राखेचा नाद कुठून लागला ते सांगितलं. तिची मावशी तुमसरला, भातगिरणीच्या मागच्या वस्तीत राहायची. उन्हाळ्याच्या सुटीत ही तिथं जायची. मावशी पांढरा कपडा कधी बाहेर वाळत घालायची नाही. गिरणीची राख उडून यायची आणि कपडा करडा करायची. "मी मावशीला म्हटलं होतं, ही राख मी एक दिवस उचलून नेईन. मावशी म्हणाली, उचलशील, पण ठेवशील कुठं?" तिनं भातावर आणखी वरण घेतलं. "बस, तेच शोधत राहिले सर."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही छोट्या मालवाहू टेम्पोतून निघालो. भंडाऱ्याला परत येऊन मोहाडीमार्गे तुमसर आणि तिथून पुढे आंबागडच्या दिशेनं. आंबागडला डोंगरावर जुना किल्ला आहे, गोंड राजवटीतला म्हणतात. पायऱ्या आहेत, वर दाट झाडी आहे आणि वरून सगळा मुलूख दिसतो. जायचं असेल तर सूर्य वर यायच्या आत चढा आणि पाणी सोबत न्या, वर काही मिळत नाही. मी निम्म्यापर्यंत गेलो. पायथ्याशी विडीच्या तेंदूपत्त्याचे गठ्ठे डोक्यावर घेऊन बायका जंगलातून परतत होत्या. त्यांचा दिवस संपत आला होता आणि मी पहिल्याच बुरुजाखाली बसून धापा टाकत होतो. त्यातल्या एकीनं विचारलं, "उतरून राहिले का चढून राहिले जी?" मला खरंच सांगता येईना.

आंबागडच्या अलीकडे एक तलाव आहे. तो आटत आला होता आणि मधल्या पाण्यात जाळं ओढणं चाललं होतं. काठावर रामकलाबाई भेटल्या. पन्नाशीच्या, अंगानं काटक, आवाज खणखणीत. त्यांच्या घरचे तलावात मासेमारी करतात आणि त्या तुमसरच्या बाजारात बसून विकतात. संघमित्रानं फोनवर त्यांच्याशी आधी बोलून ठेवलं होतं.

"हाच का डबा?" रामकलाबाईंनी विचारलं. "आन् याच्यात कायले ठेवू मी? माह्याकडं हाय ना डबा."

संघमित्रानं त्यांच्याच बोलीत सांगितलं, "काकू, तुमचा बर्फ दुपारपर्यंत पानी होते. मंग भाव पडते. याच्यात संध्याकाळपर्यंत राहीन."

"राहीन का? का तू म्हनून राहिली म्हनून राहीन?"

"पायून घ्या ना."

रामकलाबाईंनी निम्मी मासळी स्वतःच्या थर्माकोलच्या डब्यात भरली, निम्मी आमच्यात, दोन्हींत सारखाच बर्फ. रोहू होते, कतला होते, एक-दोन जाडजूड मरळ. मी सगळ्याचं चित्रीकरण करत होतो. मागं तलाव, पुढं डबा, कोपऱ्यात मी. जाळं ओढणाऱ्यांपैकी एकानं ओरडून विचारलं, "हे कोन हाय?" संघमित्रा म्हणाली, "आमचे सर हायत." तो म्हणाला, "मंग त्यायले पान्यातून बाहीर काढा, चप्पल वाहून चालली त्यायची." चप्पल खरंच चालली होती.

तुमसरचा मासळीबाजार एका अरुंद गल्लीत भरतो. सकाळी एका बाजूला सावली, दुपारनंतर दुसऱ्या. सावली सरकली की विकणाऱ्या बायकाही दुकान उचलून पलीकडे बसतात. मी रामकलाबाईंच्या शेजारी गोणपाटावर बसलो. दर अर्ध्या तासानं दोन्ही डबे उघडून बघत होतो. शेवटी त्या म्हणाल्या, "सारखं उघडून पायसान तर कोनता बर्फ राहीन, बाप्पा?" त्यानंतर मी हात मांडीखाली ठेवून बसलो.

जेवणाची वेळ टळल्यावर उघडलं. थर्माकोलच्या डब्यात पाणी झालं होतं. आमच्या डब्यात बर्फाचे चांगले गठ्ठे होते, मासळी टणक होती. रामकलाबाईंनी एक रोहू उचलला, कल्ला वर करून पाहिला, परत ठेवला. संघमित्रानं माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ ती उभीच होती; तेव्हा कुठं ती खाली बसली. मी मनातल्या मनात अहवालाचं पहिलं वाक्यही लिहून टाकलं.

तेवढ्यात सावली सरकली. रामकलाबाई डबा पलीकडे न्यायला वाकल्या. मी पुढे झालो. "थांबा, मी उचलतो. संघमित्रा, फोटो काढ."

डब्याचा तळ बोटांना ओला आणि मऊ लागला. हा ओलावा कुठून आला, असा विचार मनात यायच्या आत तळ सुटला. बर्फाचं पाणी दिवसभर सांध्यांमधून फळ्यांत मुरत गेलं होतं. तळाचा फळा तसाच गल्लीत पडला, त्यावर मासळी, बर्फ, आणि सांध्यांतून निघालेला राखेचा चिखल. पांढरे चमकणारे कतले बघता बघता कोळशासारखे झाले. माझ्या हातात चार भिंती राहिल्या.

गल्लीत एकदम सगळे बोलू लागले.

रामकलाबाई ओरडल्या नाहीत, हे जास्त वाईट होतं. त्यांनी पदर खोचला, टोपलीत मासळी गोळा केली आणि हापशावर गेल्या. आम्ही दोघं मागे. हापसा मी मारला, संघमित्रानं एकेक मासा धुतला. राख निघाली, पण गल्लीनं सगळं पाहिलं होतं. गिऱ्हाईक यायचं, टोपलीकडे बघायचं, शेजारणीकडे वळायचं.

तेव्हा माझ्यातला शाम्पूवाला जागा झाला. मी टोपलीमागे बसलो आणि खड्या आवाजात सुरू केलं. "या ताई, या! ताजी मासळी! आत्ताच धुतलेली!"

एक बाई थांबली. "हा कोनता?"

मी माशाकडे पाहिलं. मासाही माझ्याकडे पाहत होता. "हा... मोठा आहे."

"चव कशी हाय? तुमी खाऊन पायला का?"

"मी शाकाहारी आहे."

सगळी गल्ली हसली. ती बाई हसत हसत निघून गेली, न घेता. रामकलाबाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून म्हटलं, "तुमी उठा जी तिथून. गिऱ्हाईक पळून राह्यलं."

मी उठलो. संध्याकाळपर्यंत माल पडेल भावानं गेला. नुकसान आम्ही भरून दिलं. रामकलाबाईंनी ते मोजून घेतलं आणि आपल्या गावच्या जीपमध्ये बसल्या. लाखनीच्या वाटेवर आमच्या टेम्पोत संघमित्रा खिडकीबाहेर बघत होती. माझ्याकडे अशा प्रसंगांसाठी खास वाक्यं आहेत: अपयश ही पहिली पायरी, लवकर चुका, लवकर शिका, वगैरे. ती मी शेकडो लोकांना सांगितलेली आहेत. त्या गाडीत त्यांतलं एकही तोंडातून बाहेर येईना.

मोहाडीजवळ ती म्हणाली, "माझ्या मामाचं घर त्या गल्लीच्या टोकाला आहे सर. बाबांना आत्तापर्यंत कळलंही असेल."

"मग?"

"मग काय. जूनमध्ये रुजू होते."

घरी वडील दारातच उभे होते. त्यांना कळलं होतं हे त्यांनी पुढे केलेल्या पाण्याच्या तांब्यावरूनच समजलं. पायावर घ्यायलाही पाणी ठेवलं होतं. पायांना मासळीचा वास येत होता.

मी मुक्कामाला पुलाजवळच्या लॉजवर होतो. खोली स्वच्छ, कूलर मोठा, भाडं बेताचं. फक्त रस्त्याकडची खोली घेऊ नका, ट्रक उशाशी उभे असल्यासारखे वाटतात. सकाळी नागपूरची बस धरायची म्हणून मी बॅग भरून चहाच्या टपरीवर आलो, तर संघमित्रा समोरून येत होती. काखेत कालच्या डब्याचे तुकडे होते.

"सर, हे बघा." तिनं एक फळा टपरीच्या बाकावर मोडला. "मधे कोरडा आहे. पाणी फक्त सांध्यांतून शिरलं. फळा चांगला आहे. डबा वाईट आहे."

"म्हणजे सांधे सुधारायचे?"

"मी दोन वर्षं सांधेच सुधारतेय. चार भिंती आणि तळ म्हटलं की सांधे आलेच. डबाच कशाला करायचा?" ती भराभर बोलत होती. "बाजारात सगळ्यांकडे प्लास्टिकचे क्रेट आहेत. ते कुणी नव्यानं घेणार नाही. आपण क्रेटला बाहेरून घालायचं काहीतरी देऊ. फळे सुटे. प्रत्येक फळा आपापल्या खिशात. पाणी आत क्रेटमध्ये, राख बाहेर, दोघांची गाठच पडायची नाही."

"खिसे कशाचे?"

ती रस्त्याकडे बघत होती. पुलाखाली ट्रकची रांग लागली होती आणि पलीकडच्या दुकानात एक माणूस जमिनीवर बसून ट्रकची ताडपत्री शिवत होता.

त्यांचं नाव हमीदभाई. लाखनीवरून जाणाऱ्या कितीतरी ट्रकांच्या अंगावर त्यांची शिलाई आहे. संघमित्रानं जमिनीवर खडूनं आकार काढून दाखवला. ते चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले.

"मॅडम, ये क्या है? रजई?"

"रजईच समजा भाऊ. क्रेटसाठी."

"गर्मी में रजई?" ते माझ्याकडे वळले. "साब, आप इनके साथ हो?"

मी हो म्हटलं. त्यांनी मान डोलावली. माझ्याबद्दल त्यांना काय वाटलं असेल याची मला कल्पना आहे. पण त्यांनी काम घेतलं, आणि एकदा घेतल्यावर त्यात रमले. खिशाचं तोंड शिवलं तर टाक्यांच्या भोकांतून पाणी जाईल, असं संघमित्रा म्हणाली. मग दोघांनी मिळून तोंडाला दुमडीची झडप ठरवली, आणि टाके झडपेच्या खाली घेतले. एक झडप उलटी लागली, एक फळा खिशात मावेना, तो घासून बारीक केला. मला मदत करायची हौस आली, तर हमीदभाईंनी मला ताडपत्रीच्या टोकावर बसवलं. "आप वजन दो." माझ्या कारकिर्दीतलं ते सर्वात स्पष्ट काम. संध्याकाळपर्यंत मी वजन दिलं.

आता पुन्हा मासळी हवी होती. रामकलाबाईंना फोन करायला संघमित्रा धजेना. शेवटी दुसऱ्या दिवशी पहाटे ती स्वतःच तलावावर गेली, मी दहा पावलं मागे. रामकलाबाईंनी आम्हाला येताना पाहिलं आणि पाठ केली.

"काकू, एकदा अजून."

"नाई."

"डबा नाई हाय आता. दुसरं हाय."

"दुसरं असो का तिसरं असो. माजी मासोळी मी देत नाई. राखेतली मासोळीवाली म्हनून राह्यल्या मले बाया."

संघमित्रा तिथंच उभी राहिली. तिनं वाद घातला नाही. मग म्हणाली, "बरोबर हाय तुमचं. मंग आमाले इकत द्या. आमची मासोळी, आमचा क्रेट. बिघडली तर आमची."

रामकलाबाई वळल्या. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आन् इकनार कोन? हे?"

"मी इकन," संघमित्रा म्हणाली.

अशा रीतीनं मी, आयुष्यात कधी मासा न चाखलेला माणूस, क्रेटभर रोहूंचा भागीदार झालो. तुमसरला आम्ही रामकलाबाईंच्या शेजारीच बसलो. त्यांनी गोणपाट थोडं सरकवून जागा दिली. संघमित्रा तराजू धरून बसली. मला सावलीत, पण टोपलीपासून लांब बसवलं होतं. गल्लीनं आम्हाला ओळखलं. "आज राख नाई का?" असं एकानं विचारलंही. संघमित्रा हसून म्हणाली, "हाय ना, पन खिशात हाय." त्यानं आधी खिसा चाचपला, मग मासा घेतला. हळूहळू विक्री होत गेली. ओळखीची पोरगी आहे, मामाच्या गल्लीतली आहे, एवढ्यावरही काही जणींनी घेतला.

दुपारी सावली सरकली. या वेळी मी हात मागे बांधून उभा राहिलो. संघमित्रानं आणि तिच्या मामानं क्रेट पलीकडे नेला. काही गळलं नाही. तळ कोरडा होता. उघडलं. डब्यात राहिला होता तेवढा बर्फ नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. झडपेजवळ थंडी निसटत होती. पण बर्फ होता. शेजारच्या थर्माकोलच्या डब्यात त्याच वेळी पाण्यात मासे तरंगत होते.

रामकलाबाईंनी वाकून बघितलं. बोट लावून पाहिलं. पुन्हा आपल्या जागी जाऊन बसल्या. एक गिऱ्हाईक आलं, गेलं. मग त्या उठल्या, आपल्या डब्यातले उरलेले मासे दोन्ही हातांत घेतले आणि आमच्या क्रेटपाशी आल्या.

"सरक," त्या संघमित्राला म्हणाल्या. "माजी बी ठेवतो याच्यात."

संघमित्रा सरकली. तिनं तोंड दुसरीकडे वळवलं. मी अहवालासाठी फोटो काढायला हवा होता. मला सुचलंच नाही.

संध्याकाळी रामकलाबाई क्रेटवरची ती ताडपत्रीची रजई घडी घालून घेऊन गेल्या. विचारलं नाही, फक्त म्हणाल्या, "वापरून पायतो."

मी पुण्याला परत आलो. येताना उरलेल्यांपैकी एका डब्यात चिन्नोरची पिशवी होती आणि शेजारच्या प्रवाशाला मी प्रत्येक गोष्टीचं खरं खरं उत्तर दिलं. त्याचा परिणाम असा की पूर्ण प्रवासात कुणीही मला चहा पाजला नाही. केंद्रात सादरीकरण केलं. समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, "म्हणजे मूळ उत्पादन फसलं, आणि तुम्ही ट्रकच्या ताडपत्रीची पिशवी शिवून आणलीत?" मी हो म्हणालो. मी नावांची यादीही केली होती, जरा भारदस्त, परदेशी वाटतील अशी. कोणतं घ्यावं यावर आमची खूप चर्चा झाली.

त्या चर्चेनंतर काही दिवसांनी संघमित्राचा फोन आला. रामकलाबाईंची रजई एका कोपऱ्यात फाटली होती. हमीदभाईंनी तिथं दुहेरी ताडपत्री लावून दिली. बाजारातल्या बाकीच्या बायकाही मागत होत्या. आणि नावाचं म्हणाल तर ते ठरूनही गेलं होतं. तुमसरच्या गल्लीत त्याला सगळ्या जणी मासोळीचा स्वेटर म्हणतात.

"आणि नोकरी?" मी विचारलं.

"नाही म्हणून कळवलं." ती म्हणाली. "इथंच मागच्या अंगणात फळे बनवायला सुरुवात केलीय. हमीदभाई शिवतात. जमेल असं वाटतंय. बाबा मात्र अजून माझ्याशी धड बोलत नाहीत."

परत आल्यावर माझ्यासोबत काय राहिलं, असं मी स्वतःला विचारत होतो. टाळूवर टोपीच्या गुंडीचा ठसा, तो आता गेला. तलावात गेलेली एक चप्पल. कोणत्याही प्रशिक्षणात "ग्राहकाच्या दारात" हे शब्द आले की गालांवर चढणारी गरमी. आणि एक मोठा आनंद, की आमच्या केंद्रातून खरोखर काहीतरी बाजारात गेलं, तेही माझ्याकडून फारसं काही न होता. तिला फोनवर तेच सांगत होतो. म्हटलं, तू फार धाडस केलंस, मला तुझा अभिमान वाटतो, माणसानं अशी उडी घेतलीच पाहिजे.

ती म्हणाली, "सर, एक मिनिट. बाबा बोलतो म्हणतायत."

फोन हातात बदलल्याचा आवाज आला.

"जय भीम, सर. बरे हाय ना?"

"जय भीम. बरा आहे. तुम्ही कसे आहात?"

"मी ठीक हाय. एक इचारू का?"

"विचारा ना."

"तुमची नोकरी पक्की हाय ना?"

"हो," मी म्हणालो. "पक्की आहे."

"मंग बरं हाय," ते म्हणाले, आणि फोन तिच्याकडे दिला.